गावच्या केसमध्ये वॉरंट निघालंय का, हे मुंबईत बसून कसं बघाल?

जमिनीचा वाद, बांधावरची मारामारी, चेक बाऊन्स... केस राजापुरात नाहीतर देवगडात, आणि आरोपी नालासोपाऱ्यात. दोन तारखा चुकल्या, की कुणीतरी फोनवर सांगतं, ‘तुझ्या नावाचं वॉरंट आहे रे!’ मग गणपतीला गावी जायचीही धास्ती.

आपल्याकडे वॉरंटांची वेगळी जाहीर यादी नसते. केसची नोंद मात्र ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर फुकट दिसते. सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाका. नसेल तर जिल्हा, कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. नाव इंग्रजीत दोन-तीन स्पेलिंगनी टाकून बघा, ‘सावंत’च्या शेवटी कारकून काय लिहील त्याचा नेम नाही. केस सापडली की मागच्या तारखेवर क्लिक करा. त्या दिवशीचं कामकाज उघडतं. जामीनपात्र की अजामीनपात्र, ते बहुधा तिथेच कळतं. नोंद उशिरा चढते, म्हणून तिथे काही दिसलं नाही तरी वकिलाकरवी कोर्टात खात्री करा.

वॉरंट जुनं झालं म्हणून आपोआप मरत नाही. बजावणी होईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत ते जिवंतच. रद्द करायला त्याच कोर्टात अर्ज द्यावा लागतो. ‘साहेबांशी बोलून मिटवतो’ म्हणणाऱ्या गावपुढाऱ्याचा इथे उपयोग शून्य. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० नंबर लावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर वॉरंट पाठवून पैसे मागणारा मात्र सरळ भामटा समजा.