कॉम्प्रेसरची टाकी किती लिटरची? आधी हवा मोजा, मग लिटर बघा

"५० लिटर घेऊ की १०० लिटर?" असं कोणी विचारलं की समोरचा हमखास सांगतो, "मोठीच घे, कामाला येते." कुठलं टूल चालवणार, मोटर कितीची, काही विचारायचं नाही. हा सल्ला ऐकून घेतलेले कॉम्प्रेसर किती गॅरेजमध्ये धूळ खात पडलेत ते बघा एकदा.

पहिलं काम म्हणजे तुमच्या टूल्समधलं सगळ्यात जास्त हवा खाणारं एक टूल पकडा, बाकीची त्यात आपोआप बसतात. दोघं एकदम काम करणार असाल तर दोन्ही टूल्सची बेरीज.

फक्त फर्निचरचं काम असेल, एफ-३० पिन गन वगैरे, तर इथेच थांबा. गन एक फटका मारते, मग मिस्त्री पुढची पट्टी लावेपर्यंत पंप निवांत. २४-२५ लिटरची ऑइल-फ्री (पंपात तेल न लागणारी) मशीन बास झाली, उगाच ५० लिटरचं धूड जिन्याने वर चढवू नका. चाकाचे नट खोलायला इम्पॅक्ट रेंच असेल तर मात्र टाकी खरंच कामाला येते, कारण त्याला थोड्या सेकंदांसाठी भसकन हवा लागते, तिथे ५० लिटर कमीत कमी, १०० असेल तर मस्त, आणि पाईप जाड घ्या, ६ एमएमच्या गुंडाळी पाईपमधून रेंचला दम येत नाही.

आता खरी गोची. स्प्रे गन, सँडर, ग्राइंडर ही टूल्स सलग हवा ओढतात आणि इथे खोक्यावरचे दोन्ही आकडे फसवतात. कॉम्प्रेसरवर मोठ्या अक्षरात ७ सीएफएम (मिनिटाला ७ घनफूट हवा) लिहिलेलं असतं ते डिस्प्लेसमेंट, म्हणजे पिस्टन कागदावर किती हवा ओढतो ते. प्रेशरला प्रत्यक्ष बाहेर येते ती एफएडी, छोट्या सिंगल स्टेज (हवा एकाच टप्प्यात दाबणाऱ्या) पंपात ती साधारण ६०-७० टक्केच धरा. दुकानदार "दोन्ही एकच हो" म्हणाला तर दुकान बदला. टूलच्या बाजूलाही तीच गंमत, सँडरवर "सरासरी ४ सीएफएम" असतं पण बऱ्याचदा ती सरासरी मिनिटात १५ सेकंदच टूल चालवणार असं धरून काढलेली असते. आता मिनिटात १५ सेकंद सँडिंग कोण करतं? सलग चालवलं तर तोच आकडा चौपट धरावा लागतो.

हा हिशोब मला पटायला बराच वेळ लागला म्हणून आकड्यांत सांगतो. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला अंदाजे २८ लिटर. समजा एचव्हीएलपी गन (कमी प्रेशरवर भरपूर हवा सोडणारी स्प्रे गन) १० सीएफएम खाते, म्हणजे २८३ लिटर, आणि पंपाची एफएडी ४ सीएफएम, म्हणजे ११३. टाकी ५० लिटर, प्रेशर ८ बार. ८ वरून ६ बारला येईपर्यंत पंप बंदच, तेवढ्यात १०० लिटर (२ बार गुणिले ५० लिटर) हवा मिळते ती २१ सेकंदात संपते, मग पंप सुरू होतो तरी मिनिटाला १७० लिटरचा खड्डा पडतच राहतो आणि अजून ५३ सेकंदांत काटा ३ बारवर. सव्वा मिनिट. पुढे रेटलंत तर फवारा तुटतो, थेंब पडायला लागतात आणि क्लिअर कोटवर ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत थर, घेऊन बसा. परत ८ बार व्हायला सव्वादोन मिनिटं. १०० लिटरची टाकी घेतली तर? अडीच मिनिटं काम आणि साडेचार मिनिटं हातावर हात. दिवसभराचं काम तेवढंच! बोअरला पाणी कमी असेल तर गच्चीवरची टाकी वाढवून काय होणार? शिवाय छोटा पंप मोठ्या टाकीला जोडला की तो सलग जास्त वेळ चालतो, हेड तापतं, आणि गरम हवेबरोबर पाणी पुढे जाऊन रंगात उतरतं.

म्हणून माझा नियम असा. एफएडी टूलपेक्षा जास्त असेल तर ५० लिटर पुरे. थोडी कमी असेल तर एक पॅनल एका दमात होईल एवढी टाकी, बहुतेक १००. निम्मीच असेल तर टाकीचा विचार सोडा आणि ते पैसे पंपात घाला. ऑइल-फ्री घेत असाल तर सलग किती वेळ चालवायची ते आधी विचारा, बऱ्याच मशीनना जेवढं काम तेवढी विश्रांती लागते.

प्रेशरचं सोपं आहे, ८ बार म्हणजे ११६ पीएसआय, कारच्या टायरला भरपूर, पण ट्रकचे टायर भरायचे तर १२ बारचा टू स्टेजच लागतो. वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या, बारीक वायरच्या एक्स्टेंशन बोर्डवर २ एचपी लावू नका, व्होल्टेज पडून मोटर जळते.

सेकंडहँड बघत असाल तर मोटर नंतर बघा, आधी प्रेशर पूर्ण सोडून खालचा ड्रेन उघडा. लालसर पाणी आणि गंजाचे पापुद्रे आले तर भाव कितीही पाडून दिला तरी घेऊ नका. आणि टाकीच्या पोटावर वेल्डिंगचं ठिगळ दिसलं तर बोलणीसुद्धा करू नका, ती फुटते तेव्हा शेजारी उभा असलेला माणूस वाचेलच असं नाही.