साके कशी चाखावी?

साके शॉटसारखी घशाखाली ओतायची नसते. तांदूळ, पाणी, कोजी नावाची बुरशी आणि यीस्ट यांपासून आंबवलेली ही जपानी दारू साधारण १५-१६ टक्क्यांची, म्हणजे वाइनपेक्षा जरा कडक.

सुरुवातीला तीन बाटल्या पुरेत: एक गिंजो (सुगंधी), एक साधी जुनमाई (वरून अल्कोहोल न घातलेली) आणि एक यामाहाई (जुन्या, संथ पद्धतीने आंबवलेली). लेबलवर अल्कोहोलखेरीज आणखी एक टक्केवारी असते. तांदूळ सडल्यावर, म्हणजे वरचा थर घासून काढल्यावर, दाण्याचा किती भाग उरला, ते ती सांगते. गिंजोला ६० किंवा कमी, दाइगिंजोला ५० किंवा कमी. बाहेरच्या थरातली प्रथिनं आणि स्निग्धांश गेले की सुगंध खुलतो, पण तांदळाची चवही विरळ होते. त्यामुळे तांदूळ जितका जास्त सडलेला तितकी साके भारी, हे मला पटत नाही; किंमत मात्र त्याच हिशेबाने चढते.

जपानी चाखणारे तळाशी दोन निळी वर्तुळं असलेला पांढरा पेला वापरतात. पांढऱ्यावर रंग कळतो, निळ्याच्या कडेवर गढूळपणा. घरी वाइनचा छोटा ग्लास चालेल.

आधी गिंजो, साधारण १० अंशांवर. बर्फगार केलीत तर वास मरतो. केळं, सफरचंद, खरबूज यांतलं काय येतंय ते हुंगा, मग छोटा घोट जिभेवर घोळवून थोडी हवा आत ओढा. त्यानंतर जुनमाई, मग आंबूस, भरदार यामाहाई. मधूनमधून साधं पाणी प्या. निगोरी आणली असेल तर ती शेवटी. तांदळाच्या धुवणासारखी पांढरी आणि बहुधा गोडसर, तिच्यामागून बाकीच्या फिक्या लागतात.

खरी गंमत गरम करण्यात आहे. पाणी उकळून गॅस बंद करा आणि यामाहाईने भरलेली तोक्कुरी, म्हणजे चिनी मातीची छोटी सुरई, गळ्यापर्यंत त्यात उभी ठेवा. दोन-तीन मिनिटांनी थर्मामीटर घाला. ४० अंशांच्या आसपास ‘नुरुकान’: आंबटपणा मवाळ होतो, उमामी, म्हणजे मुरलेली खमंग चव, पुढे येते. थोडी चाखून उरलेली ५० पर्यंत न्या, ती ‘आत्सुकान’: शेवट कोरडा, धारदार. एकाच बाटलीतल्या या दोन घोटांतून जे कळतं, ते महागड्या दाइगिंजोतून कळणार नाही. सुगंधी गिंजो शक्यतो तापवू नका.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. ‘नामा’, म्हणजे पाश्चराइज न केलेली, न उघडताही फ्रिजमध्येच हवी.