पोरांना गाडीचं काम शिकवायचंय? मग पाना त्यांच्याच हातात द्या

आसपासच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पुढच्या पोरापोरींना गाडीची साधी कामं शिकवायची म्हटलं की आपण लगेच इंजिनपासून सुरू करतो, पिस्टन काय, क्लच काय, आणि पोरं दहा मिनिटांत मोबाईल काढतात. थिअरी नंतर. आधी बोनेट उघडायला लावा. बोनेटचा खटका कुठेय तेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, शोधू दे. आणि शिकवणाऱ्याला सगळ्यात जड जातं ते स्वतःचे हात आवरणं, पोराचा पाना सटकला की आपण पटकन "दे इकडे" म्हणतो आणि तिथंच शिकणं संपतं, त्यामुळे हात मागे बांधून उभे राहा खुशाल. एका गाडीला चार-पाच जण बास, जास्त झाले की मागचे नुसते बघे होतात.

पहिल्या दिवशी काही खोलायचं नाही, फक्त तपासायचं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली, मग डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) काढा, पुसा, परत घाला, परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मधे पाहिजे. काळं दिसलं म्हणजे खराबच असं नाही, डिझेल गाडीत तर नवीन ऑइल पण लगेच काळं पडतं, पण दुधाळ दिसलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) मिसळतंय का ते बघावं लागतं. टायरची हवा गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना मोजायची, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायरच्या साइडला जो लिहिलेला असतो तो टायरला चालणारा कमाल दाब, तेवढी हवा भरायची नसते, हे मोठ्या माणसांना पण सांगावं लागतं. टायरच्या खाचांमधे रबराच्या छोट्या पट्ट्या असतात, वरचं रबर झिजून त्यांच्या लेव्हलला आलं की साधारण १.६ मिमी उरलं, टायर बदला. आणि कूलंटचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही, आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

दुसऱ्या वेळी स्टेपनी बदलणं. इथं घाई नको, अख्खा वेळ गेला तरी चालेल. हँडब्रेक ओढा, गिअरमधे ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर पी वर), जे चाक बदलायचंय त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून ठोकळे लावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले करायचे, उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून सरकते. जॅक कुठं लावायचा ती जागा मॅन्युअलमधे दाखवलेली असते, दुसरीकडे लावला की पत्रा आत जातो. नट बसवताना हाताने फिरवून, मग आलटून पालटून समोरासमोरचे आवळायचे, गाडी खाली घेतल्यावर फायनल. टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना) असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा, बऱ्याच छोट्या गाड्यांना १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. पान्यावर उभं राहून नाचायचं नाही, पोरांना ते फार आवडतं. गाडीखाली जायचं असेल तर फक्त जॅकच्या भरवशावर कुणीच जायचं नाही, खाली स्टँड पाहिजेच, आणि हा नियम मोडणाऱ्याला त्या दिवशी घरी पाठवा, मी तरी इथं सूट देत नाही.

पोरांना खरी मजा येते मल्टीमीटरने (व्होल्ट मोजायचं यंत्र), कारण तिथं डोकं लागतं. बॅटरीवर तीन रीडिंग घ्यायला लावा. गाडी काही तास बंद असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल चार्ज, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना आकडा पडतो, तो ९.६ च्या बराच खाली गेला तर बॅटरीवर संशय. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ दिसला पाहिजे, तिथंही १२ वरच अडकला तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) बॅटरी चार्ज करत नाहीये. आता मुद्दाम बॅटरीचा टर्मिनल (वायर जोडतात ती जागा) ढिला करून ठेवा (पोरांना न सांगता) आणि विचारा सेल्फ का फिरत नाही, फक्त टकटक का येतंय? लगेच उत्तर देऊ नका, भांडू दे त्यांना आपसात. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

फ्यूज लगेच जमतो. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जळाला तर त्याच अँपिअरचा टाका, परत जळाला तर कुठंतरी शॉर्ट आहे, मोठा फ्यूज टाकून वायर जाळायची नाही.

ब्रेक खोलणं, एअरबॅगच्या पिवळ्या वायरी आणि हायब्रिड-इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी केबल, या तिन्हीला नवशिक्यांचा हात लागू द्यायचा नाही. ब्रेक ऑइलची लेव्हल बघायला शिकवा तेवढं पुरे, ते रंगावर सांडलं तर रंग उडतो म्हणून लगेच पाण्याने धुवायचं. हातमोजे, चष्मा, पायात बंद बूट, लांब केस बांधलेले, ओढणी किंवा हातातलं कडं काढून ठेवलेलं. ऑइल बदलायचं शिकवलंत तर जुनं ऑइल डब्यात भरून ते गोळा करणाऱ्याकडेच द्या, गटारात नाही, आणि तो डबा पोचवायचं काम पण आळीपाळीने पोरांनाच.