शस्त्रक्रियेआधीचा काढा: या चुका टाळा

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी रुग्ण तपासणारी भूलतज्ज्ञ म्हणून मी वर्षानुवर्षे एकच चूक पाहते आहे: काढा, चूर्ण, अर्क यांना रुग्ण औषध मानत नाहीत, त्यामुळे ते आम्हाला सांगतही नाहीत.

गालाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाने ‘कोणतेही औषध चालू नाही’ असे ठामपणे सांगितले होते. रक्ततपासणीत मात्र यकृताची इजा दाखवणारे एसजीपीटी कितीतरी पट वाढलेले निघाले. काविळीच्या विषाणूंचा मागमूस नव्हता. शस्त्रक्रिया पुढे ढकलली, आणि चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नीने विचारले, ‘डॉक्टर, गुळवेलीचा काढा तेवढा चालू ठेवू ना?’ प्रतिकारशक्तीसाठी दोन महिने, दिवसातून दोनदा तो चालू होता. काढा थांबवल्यावर यकृत सावरले, पण गाठ काढायला तीन आठवडे उशीर झाला. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. त्या रुग्णापासून मी ‘औषध घेता का’ असे विचारत नाही; सकाळपासून रात्रीपर्यंत पोटात काय काय जाते ते विचारते आणि घरातल्या सगळ्या बाटल्या-पुड्या पिशवीत घालून आणायला सांगते.

दुसरी चूक म्हणजे संशोधनाची बातमी अर्धीच वाचणे. जपानमधील १९९४ च्या अभ्यासात जठराच्या कर्करोगाच्या २६२ रुग्णांपैकी क्रेस्टिन हा अळंबीचा अर्क घेणारे ७३ टक्के, तर न घेणारे ६० टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. परंतु तो ठरावीक प्रतीचा अर्क होता आणि शस्त्रक्रियेनंतर, केमोथेरपीच्या जोडीने दिला गेला होता. त्याचे श्रेय घरच्या काढ्याला देता येत नाही. शस्त्रक्रियेच्या ताणाने नैसर्गिक मारक पेशी (कर्करोगाच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या पेशी) काही दिवस मंदावतात हे खरे, पण अर्काने प्रयोगशाळेतला त्यांचा आकडा वाढला म्हणजे आयुष्य वाढले असे होत नाही.

लसणाच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ज्येष्ठमधाने पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. शस्त्रक्रियेच्या सकाळी ‘हे काही अन्न नव्हे’ म्हणून काढा पिऊ नये. भूल देताना तो फुप्फुसात जाऊ शकतो. मी अशी सर्व उत्पादने दोन आठवडे आधी बंद करायला लावते. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे मात्र कोणीही परस्पर थांबवू नयेत.

तारीख जवळ आली की प्रतिकारशक्तीची बाटली शोधण्याची नातेवाइकांची घाई मला समजते, तरी ती मला मान्य नाही. त्या दिवसांत तंबाखू सोडवा, हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि कडू काढ्याने मेलेली भूक परत आणून रुग्णाला डाळ, दूध, अंडी पोटभर खाऊ घाला.