ऑपरेटिंग सिस्टिमची यूजर टेस्टिंग करताना या चुका टाळा

यूजर टेस्टिंग म्हणजे खऱ्या वापरणाऱ्यांना काम देऊन ते कुठे अडतात ते बघणं. त्याच्या अहवालात ‘लोक पासवर्ड विसरतात’ असं दिसलं की आधी कीबोर्डकडे बघा. नागपुरातल्या एखाद्या सेतू केंद्रातला ऑपरेटर दिवसभर मराठीत टाइप करतो. स्क्रीन लॉक करून चहाला जातो, परत येऊन पासवर्ड टाकतो, पण कीबोर्ड अजून मराठीवरच असतो. चौकटीत नुसते ठिपके उमटतात, त्यामुळे चूक दिसत नाही. तिसऱ्यांदा नकार आला की तोच म्हणतो, “विसरलो वाटतं.” हे वाक्य जसंच्या तसं उतरवलं की टीम पासवर्ड रीसेट सोपा करत बसते. दुरुस्ती भलतीकडेच असते: लॉक स्क्रीनवर पासवर्डच्या शेजारी चालू भाषा ठळक दाखवायची आणि टाइप केलेलं क्षणभर बघता येईल असं बटण द्यायचं. म्हणून स्क्रीन रेकॉर्डिंगवर भागवू नका. एक मोबाइल स्टँडला लावून बोटांवर रोखा. भाषा बदलायचं बटण दाबलं की नाही, हे तिथेच कळतं.

दुसरी चूक चाचणीत माणसाला देतो त्या कामाच्या चिठ्ठीत असते. ‘सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा बदला’ असं लिहिलं तर माणूस फक्त ‘सेटिंग्ज’ हा शब्द शोधतो आणि सगळे पास होतात. त्याऐवजी सांगा: “हा कॉम्प्युटर उद्यापासून तुमचे बाबा वापरणार आहेत, त्यांना मराठी बरं पडतं. काय कराल?” मेनूतला एकही शब्द तोंडून जाऊ देऊ नका. समोरचा बोलताना हिंदी मिसळत असेल तर मिसळू द्या, सुधारू नका. बटणाला तो स्वतःहून कोणतं नाव देतो, ते तर तुम्हाला हवंच आहे.

बटणावरचा मजकूर कागदावर तपासून भागत नाही. ॲपलच्या लिसा या कॉम्प्युटरवर (1983) आधी ‘डू इट’ (Do It) असं बटण होतं. चाचणीत ते ‘डोल्ट’ (dolt), म्हणजे मठ्ठ, असं वाचलं गेलं आणि त्या जागी ‘ओके’ आलं. मराठीत वेगळीच पंचाईत: इंग्रजीच्या मापाने बांधलेल्या बटणात वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. प्रत्यक्ष स्क्रीनवर, प्रत्यक्ष आकारात वाचून घ्या.

ऑफिसातल्या नव्या, रिकाम्या मशीनवर चाचणी घेणं ही तर हमखास चूक. तिथे फाइल झटकन उघडते. 4 जीबी रॅमच्या, डिस्क भरत आलेल्या जुन्या मशीनवर दोन सेकंद काहीच हलत नाही, मग माणूस पुन्हा डबल क्लिक करतो आणि दोन खिडक्या उघडतात. हा दोष त्याच्या हाताचा नाही. क्लिकनंतर सुमारे 0.1 सेकंदात काही तरी बदललेलं दिसलं पाहिजे, आणि काम 10 सेकंदांच्या पुढे जाणार असेल तर किती उरलं तेही.

नुसत्या वापराच्या आकड्यांवर विसंबलं की काय होतं, ते विंडोज 8 ने दाखवलं. लोक प्रोग्राम टास्कबारवरून उघडू लागले होते, स्टार्ट मेनूचा वापर घटत होता. 2012 मध्ये स्टार्ट बटण काढलं, 2013 मध्ये 8.1 मध्ये परत आणावं लागलं, मेनू तर 2015 च्या विंडोज 10 मध्ये परतला. कमी वापरली जाणारी गोष्ट बिनकामाची असतेच असं नाही (जिना कमी वापरतात म्हणून कोणी तोडत नाही).

चाचणीला ‘पाच माणसं पुरे’ असा जो नियम सांगतात, तो एकाच प्रकारच्या पाच जणांसाठी आहे. इतवारीतले व्यापारी, कॉलेजची मुलं आणि सेतूचे ऑपरेटर असे तीन गट असतील तर प्रत्येकातले पाच घ्या. आणि पंधरा जणांवरून टक्केवारी काढू नका.

मे महिन्यात रेकॉर्डिंग ऐकताना फक्त कूलर ऐकू येत असेल तर कॉलर माइक लावा. कूलर मात्र बंद करू नका. 45 अंशांत घामाघूम झालेला माणूस प्रत्येक काम उरकून मोकळा होतो, आणि तुमच्या नोंदीत ते ‘पटकन जमलं’ म्हणून चढतं.