चंद्रावर माणूस परत न्यायला इतका उशीर का? कारणं शोधताना या चुका टाळा

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट चंद्रावरून निघाले. त्यानंतर तिथे कुणी उतरलेलं नाही. का, असं विचारलं की दोन उत्तरं लगेच मिळतात: पैसा संपला, नाहीतर जुनं तंत्रज्ञान हरवलं.

पैशाचं उत्तर अर्धंच बरोबर आहे. १९६६ साली अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातले सुमारे ४.४ टक्के नासाकडे जात. आता अर्धा टक्काही जात नाही. पण आटलेला ओघसुद्धा लहान नाही. नासाच्या महानिरीक्षकांनी चंद्रावर परत जाण्याच्या आर्टेमिस कार्यक्रमाचा २०२५ पर्यंतचा खर्च ९३ अब्ज डॉलर धरला होता. एवढ्या रकमेनंतर नुसतं ‘पैसा नाही’ म्हणून भागत नाही.

तंत्रज्ञान हरवल्याचं उत्तर त्याहून कच्चं आहे. अपोलोला नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटची रेखाचित्रं मायक्रोफिल्मवर जपून ठेवलेली आहेत. गेलं ते कारागिरांच्या हातातलं कसब: त्याच्या पहिल्या टप्प्यावरच्या एफ-१ इंजिनाच्या कित्येक जोडण्या हाताने वेल्ड केलेल्या होत्या आणि इंजिनागणिक कागदावर न आलेले बारीक फेरफार होते. तरीही नासाच्या अभियंत्यांनी एक जुनं इंजिन उघडलं, भाग मोजले आणि जानेवारी २०१३ मध्ये हंट्सव्हिलला त्याचा गॅस जनरेटर पेटवून दाखवला. विसरलेलं पुन्हा शिकता येतं. खरी अडचण अशी, की आजचे मुख्य भाग एका मोहिमेसाठी आखले गेले आणि वापरले जात आहेत दुसऱ्याच मोहिमेत.

चूक: रॉकेटचा जोर पाहून निकाल देणं

आर्टेमिसचं रॉकेट एसएलएस जमीन सोडताना सॅटर्न ५ पेक्षा सुमारे १५ टक्के जास्त जोर लावतं. हा आकडा खरा असला तरी दिशाभूल करतो. चंद्राच्या वाटेवर एसएलएसचं पहिलं रूप सुमारे २७ टन ढकलतं. सॅटर्न ५ ने ४५ टनांहून जास्त ढकललं.

हा फरक वरच्या टप्प्यातून येतो. सॅटर्नच्या वरच्या टप्प्यावरचं जे-२ इंजिन सुमारे १,००० किलोन्यूटन जोर देत असे. एसएलएसवर डेल्टा ४ रॉकेटचा फेरफार केलेला टप्पा आहे आणि त्याच्या एकुलत्या आरएल-१० इंजिनाचा जोर सुमारे ११० किलोन्यूटन. घन इंधनाचे बूस्टर पहिल्या दोन मिनिटांत प्रचंड काम करतात, पण पुढची वाट या छोट्या टप्प्याच्या भरवशावर आहे. म्हणून रॉकेटांची तुलना करताना ‘चंद्राकडे किती टन’ एवढाच आकडा धरा.

चूक: ओरायनला अपोलोचं मोठं भावंड समजणं

सगळ्यात महत्त्वाची गाठ इथे आहे. एक कॅल्क्युलेटर घ्या. वेगातला बदल = निकास वेग × एलएन (सुरुवातीचं वजन ÷ शेवटचं वजन). निकास वेग म्हणजे इंजिनातून वायू बाहेर पडण्याचा वेग; एलएन म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं ln बटण.

आर्टेमिसचं माणसं नेणारं यान म्हणजे ओरायन. त्याचं सुरुवातीचं वजन साधारण २६.५ टन, त्यात इंधन ८.६ टन, मुख्य इंजिनाचा निकास वेग सेकंदाला ३.१ किलोमीटर. शेवटचं वजन उरलं १७.९ टन. गुणोत्तर १.४८, त्याचा एलएन ०.३९. उत्तर: सेकंदाला सुमारे १.२ किलोमीटर.

आता गरज पाहा. चंद्राच्या १०० किलोमीटर उंचीच्या कक्षेत शिरायला सुमारे ०.९ आणि तिथून पृथ्वीकडे निघायला पुन्हा सुमारे ०.९, म्हणजे सेकंदाला १.८ किलोमीटर लागतात. ओरायन तिथे शिरला तर परत येऊ शकत नाही. अपोलोच्या सेवा कक्षात, म्हणजे इंजिन आणि इंधन असलेल्या भागात, १८ टनांहून जास्त इंधन होतं, आणि कक्षेत शिरताना तो चंद्रावर उतरणाऱ्या लँडरलाही सोबत घेऊन जात होता.

मग ओरायनला इतकं कमी इंधन दिलं तरी कसं? तो आखला गेला नासाच्या आधीच्या चांद्र कार्यक्रमात, कॉन्स्टेलेशनमध्ये. त्या आखणीत कक्षेत शिरण्याचं काम आल्टेअर नावाच्या मोठ्या लँडरकडे होतं. ओरायनने फक्त परत यायचं. २०१० मध्ये कार्यक्रम गुंडाळला गेला, आल्टेअर कागदावरच राहिला आणि ओरायन तेवढा पुढे चालू राहिला. सेवा कक्ष नंतर युरोपने बांधला, पण इंधनाचं माप तोकडंच राहिलं.

त्यातून निघाली चंद्राभोवतीची लांबुळकी कक्षा. सुमारे साडेसहा दिवसांची फेरी, एका टोकाला चंद्रापासून जेमतेम १,५०० किलोमीटर, दुसऱ्या टोकाला ७०,००० च्या आसपास. शिरायला-निघायला मिळून साधारण ०.९ पुरतात, म्हणून ती ओरायनच्या आवाक्यात आहे. वाचलेला बोजा लँडरच्या डोक्यावर जातो: खालच्या कक्षेतून उतरून वर यायला ३.८ च्या आसपास लागलं असतं, इथून ५.५ लागतात. शिवाय अपोलोच्या वेळी डोक्यावरचं यान दर दोन तासांनी परत यायचं. इथे सोयीची वेळ साडेसहा दिवसांत एकदाच.

चीनने आपला हिशेब आधीच जुळवून घेतला आहे. मंगझोऊ यान आणि लानयुए लँडर वेगवेगळ्या दोन लाँग मार्च-१० रॉकेटांवर जातील, चंद्राच्या कक्षेत जोडले जातील आणि दोन माणसं उतरतील. मुदत २०३० ची. उद्दिष्ट छोटं असल्याने यानाचे भागही एकमेकांच्या मापाचे आहेत.

चूक: टँकरची संख्या ऐकून हसणं, किंवा इंधनाची नुसती बेरीज करणं

लँडर म्हणून नासाने एप्रिल २०२१ मध्ये स्पेसएक्सच्या स्टारशिपला २.८९ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं. त्याला पृथ्वीच्या कक्षेत इंधन भरावं लागतं. किती फेऱ्यांत, हे हाताने काढता येतं. इथे नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक टप्प्याचं इंधन वेगळं काढून बेरीज करणं. पुढच्या टप्प्याचं इंधन हे आधीच्या टप्प्यासाठी ओझं असतं. म्हणून बेरीज वेगबदलांची करा. वजनांच्या गुणोत्तरांचा गुणाकार होतो.

पृथ्वीच्या कक्षेतून त्या लांबुळक्या कक्षेपर्यंत सुमारे ३.६, पुढे उतरून परत यायला ५.५, एकूण ९.१. मिथेन इंजिनाचा निकास वेग ३.७ धरा. ९.१ भागिले ३.७ म्हणजे २.४६, ई-चा (कॅल्क्युलेटरवरचं e) तेवढा घात ११.७. यानाचं कोरडं वजन १०० टन मानलं तर इंधन लागतं १,०७० टन. इंधन आणणाऱ्या टँकर यानाने दरवेळी १०० टन आणलं तर ११ फेऱ्या, ७० टनच आणलं तर सोळा. त्यात बाष्पीभवनाची घट मिळवा. तज्ज्ञांचे अंदाज दहापासून विसाच्या जवळपर्यंत का पसरतात, ते यावरून कळेल.

घट होतेच, कारण द्रव मिथेन उणे १६१ अंशांना उकळतं आणि द्रव ऑक्सिजन उणे १८३ ला. शिवाय वजनरहित अवस्थेत द्रव टाकीच्या तळाशी थांबत नाही. आधी हलका जोर देऊन तो एका टोकाला बसवावा लागतो, मग दाबाच्या फरकाने ढकलावा लागतो, नाहीतर नळीत वायूच शिरतो. मार्च २०२४ च्या चाचणी उड्डाणात स्टारशिपने स्वतःच्याच दोन टाक्यांमध्ये ऑक्सिजन हलवून पाहिला. दोन यानं जोडून शेकडो टन भरणं ही त्यापुढची फार मोठी उडी आहे.

चूक: हायड्रोजनच्या गळतीला निष्काळजीपणा म्हणणं

उणे २५३ अंशांचा हायड्रोजन नळीत शिरला की धातू आणि सील वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, आणि सगळ्यात लहान रेणू ती फट शोधतो. एसएलएसच्या गाभ्यात सुमारे २० लाख लिटर द्रव हायड्रोजन भरतात. ३ सप्टेंबर २०२२ ला आठ इंची जलद-सुटणाऱ्या जोडणीपाशी हवेतलं हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेलं. सील गरम होऊ देऊन पुन्हा बसवून पाहिलं, दाब बदलून पाहिला. गळती थांबली नाही. नंतर सील काढला तेव्हा त्यावर इंचाच्या शंभराव्या भागाएवढा खळगा सापडला.

उपाय साधे होते: सील बदलला, नळी सावकाश थंड केली, भरण्याचा वेग आणि दाब हळूहळू चढवला. तरी १६ नोव्हेंबरच्या प्रक्षेपणाआधी दुसऱ्याच झडपेला गळती लागली आणि तिघांनी भरलेल्या रॉकेटखाली जाऊन बोल्ट आवळले. त्यांच्या धैर्याला मनापासून दाद द्यावी लागते.

हायड्रोजन आला तो जुन्या स्पेस शटलची इंजिनं पुन्हा वापरायची ठरल्यामुळे. शटललाही १९९० च्या उन्हाळ्यात याच गळतीने महिनोन्‌महिने जमिनीवर बसवलं होतं.

चूक: कडक चाचणी म्हणजे पुरेशी चाचणी असं मानणं

आर्टेमिस १ या माणसांविना उड्डाणाचा ओरायन ११ डिसेंबर २०२२ ला सुखरूप परत आला, पण उष्णतारोधक ढालीवर शंभराहून जास्त जागी जळका थर खपल्यांसारखा निघालेला होता. अपोलोच्या ढालीत मधाच्या पोळ्यासारख्या तीन लाखांहून जास्त खणांत ॲव्हकोट हा जळून उष्णता अडवणारा पदार्थ हाताने भरत. ओरायनसाठी वेळ वाचवायला त्याचे सुमारे १८६ ठोकळे चिकटवले.

कारण कळायला दोन वर्षं लागली. परतताना यान वातावरणात एकदा बुडी मारून वर येतं, मग पुन्हा शिरतं. मधल्या काळात उष्णता कमी होते, त्यामुळे वायूला वाट देणारा जळका थर नीट तयार होत नाही. आत मात्र वायू होतच राहतो. दाब वाढतो, तडा जातो. जमिनीवरच्या चाचण्यांत उष्णता जास्त ठेवलेली होती, तिथे थर पटकन तयार व्हायचा, म्हणून दोष दिसलाच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नासाने ठरवलं की आर्टेमिस २ ची ढाल तीच ठेवायची आणि वातावरणात शिरण्याचा मार्ग बदलायचा.

चूक: यंत्र उतरलं म्हणजे माणूसही उतरेल असं धरणं

दक्षिण ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजालगत असतो. सावल्या इतक्या लांब पडतात की कॅमेऱ्याला खड्डा कोणता आणि सावली कोणती हे उमगत नाही. अपोलोची सगळी ठिकाणं विषुववृत्ताच्या जवळच्या पट्ट्यात होती.

अलीकडच्या अपयशांत उंचीमापक पुन्हा पुन्हा पुढे येतो. एप्रिल २०२३ मध्ये जपानी कंपनीच्या हाकुतो-आर यानाने विवराच्या कडेवरून जाताना अचानक बदललेला उंचीचा आकडा बिघाड समजून टाकून दिला आणि पाच किलोमीटर उंचीवर स्वतःला जमिनीवर समजलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकी कंपनीच्या ओडिसियस यानाचा उंची मोजणारा लेझर सुरूच होऊ शकला नाही. यान आडवं झालं. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीचं अथीनाही कलंडलं.

इस्रोने २०१९ च्या अपयशानंतर केलेले बदल म्हणून अभ्यासण्याजोगे आहेत. उतरण्याची जागा ५०० मीटरच्या चौकोनाऐवजी ४ बाय २.४ किलोमीटर ठेवली, पाय सेकंदाला ३ मीटर वेग सोसतील असे केले, इंधन वाढवलं आणि थेट वेग मोजणारा लेझर बसवला. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम सरळ उतरला. सुमारे ५० मीटर उंच स्टारशिपच्या बाबतीत कलंडण्याची भीती कितीतरी मोठी आहे, आणि माणसांचं दार जमिनीपासून सुमारे ३० मीटर वर आहे. लिफ्ट अडकली तर वर जायला दुसरा रस्ता हवा.

चूक: जाहीर तारखेवर विसंबणं

अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यात एसएलएससाठी २०१६ अखेरची मुदत होती. ते उडालं २०२२ मध्ये. मार्च २०१९ मध्ये माणूस उतरवण्याचं वर्ष २०२४ जाहीर झालं. त्या वर्षी लँडरही नव्हता आणि चंद्रावर चालायचा पोशाखही. पोशाखाचं काम ॲक्सिअम स्पेसला २०२२ मध्ये मिळालं, आणि त्याला अपोलो १७ च्या पोशाखांच्या सांध्यांत शिरलेल्या काचेसारख्या धारदार धुळीशी आठवडाभर झुंजायचं आहे.

पुढची तारीख वाचाल तेव्हा तीन गोष्टी तपासा: दोन यानांमध्ये पूर्ण मापाची इंधनभरणी झाली का, लँडर माणसांविना उतरून पुन्हा उडाला का, पोशाखाची निर्वात कक्षात माणसासह चाचणी झाली का. यातली एखादी बाकी असेल तर कॅलेंडरवर खूण पेन्सिलने करा.