झाडीपट्टीत गड्याची भूमिका मिळाली तर

दिवाळीच्या आधी वडशाला नवी पोरं येऊ लागतात. वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे गाव झाडीपट्टी रंगभूमीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्या नाटकांचं, मुख्य ठाणं आहे. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथंच आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या गावांची मंडळं इथंच येऊन नाटक ठरवतात. भाऊबीजेपासून गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, लागतात आणि त्यांच्यासोबत नाटकं सुरू होतात, ती पार होळीच्या आसपास थांबतात. नव्या पोराला पहिल्या हंगामात बहुधा मालकाच्या घरचा गडी करायला देतात. छोटं काम, चार वाक्यं, दोन हशे, असा सगळ्यांचा समज असतो. मी वर्षानुवर्षं गडीच करत आलो आहे. हे काम सोपं समजून करणारा पोरगा पुढच्या हंगामात कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी समोर कोण बसलंय ते नीट समजून घ्या. झाडीपट्टीत मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची सत्ता. १९५० च्या कायद्यानं ती संपली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. आजही त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. पण मालगुजाराचा वाडा, त्याची ओसरी, ओसरीवरचा लाकडी तक्तपोस आणि गुरांच्या कोठ्याशेजारी झोपणारा गडी लोकांच्या आठवणीतून गेला नाही. बांबूच्या तट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांत कुणी स्वतः सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, राहिलेला असतो, कुणाचा बाप राहिलेला असतो. पाडव्याला साल ठरायचं, मजुरीत धान यायचं, वर्षभर राहणं-जेवण मालकाकडे. हे ज्यानं भोगलंय त्याच्यासमोर तुम्ही गडी करणार आहात. तो तुमचा तांब्या धरायचा हात बघतो आणि हा पोरगा खरा की खोटा हे तेवढ्यावरून ओळखतो.

म्हणून गडी बावळट करू नका. फाटकी बंडी, तोंड वाकडं, बोलण्यात तोतरेपणा असा गडी पहिल्या दहा मिनिटांत हसवतो आणि मग संपतो. खरा गडी घरातला सगळ्यात जाणता माणूस असतो. ढोलीत धान किती उरलंय, कोणती गाय लाथ मारते, मालकिणीनं किल्ली कुठं ठेवलीय, मालकाचा चष्मा कुठं पडलाय, हे सगळं त्याला ठाऊक असतं. मालकाला यातलं काहीच ठाऊक नसतं, पण हुकूम त्याचाच चालतो. या दोघांची जुंपते ती इथंच. मालक रागावतो, कारण गड्यावाचून त्याचं पान हलत नाही आणि ते त्याला कबूल करता येत नाही. गडी चिडतो, पण चिडलेलं दाखवता येत नाही, म्हणून तो हुकूम अक्षरशः पाळतो. “माझ्यासमोरून चालता हो,” असं मालक म्हणाला की तो मागच्या दारानं जातो, मागच्याच दारानं परत येतो आणि मालकाच्या पाठीशी उभा राहून विचारतो, “मालक, पानी आनू का?” वाक्य साधंच आहे. ते अगदी प्रामाणिकपणे, खरंच पाणी हवंय का या काळजीनं विचारलं तरच हशा येतो. डोळा मारून विचारलं की गेलं.

एक प्रसंग जवळून सांगतो, कारण यात बरंच शिकण्यासारखं आहे. मालक तक्तपोसावर आडवा, गडी पायथ्याशी बसून पाय दाबतोय, समोर मुलगी बघायला आलेले पाहुणे. मालक सांगतोय की बोडीवर, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यावर, वाघ आला तेव्हा आपण एकट्यानं काठी घेऊन हाकलला. त्या रात्री बोडीवर गडीच होता, मालक घरात होता, हे प्रेक्षकाला आधीच्या प्रवेशात कळलेलं आहे. वाघ हे नाव आलं की गड्याचे हात थांबतात. मान वर करायची नाही, मालकाकडे बघायचं नाही, फक्त हात थांबतात. मालक पायाच्या अंगठ्यानं हळूच ढोसतो. हात पुन्हा सुरू होतात. मालक म्हणतो, वाघ दहा हातांवर होता. हात थांबतात. पुन्हा अंगठा. शेवटी मालकच कंटाळून म्हणतो, “म्हणजे, हा गडीपण होता सोबत.” आणि गडी दोन्ही हातांनी असा जोर लावून पाय दाबतो की मालक कळवळतो. या सगळ्यात गड्याला एकही वाक्य नाही.

वाक्य नसण्याचं व्यवहारी कारणही आहे. आपल्याकडे मंचावर माइक वरून टांगलेले असतात. बोलायचं तर त्यांच्या खाली यावं लागतं, दूर बोललेलं शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. पायथ्याशी बसलेला गडी माइकपासून लांब असतो, तेव्हा तिथं हातच बोलले पाहिजेत. दिग्दर्शकाशी बोलून ठेवा की तुमच्या हालचालीच्या वेळी मालकानं थोडं थांबावं. तालमी कमी मिळतात आणि बराच भार प्रॉम्प्टरवर असतो. प्रॉम्प्टरलाही आधीच सांगा की इथली शांतता ठरवलेली आहे. नाहीतर तो तुम्ही वाक्य विसरलात समजून पुढचं वाक्य देईल आणि प्रसंग हातचा जाईल.

मालक करणाऱ्यालाही दोन शब्द. तुम्ही मूर्ख झालात तर गड्याच्या हुशारीला किंमत राहत नाही. मालकाचा दरारा खरा हवा, आवाज खरा हवा.

पाडव्याच्या हिशेबाचा प्रवेश अनेक नाटकांत कुठल्या ना कुठल्या रूपात असतो. मालक वही काढून कपात वाचतो: फुटलेला माठ, हरवलेली दोरी. “ताप आला ते आठ रोज कापले.” गडी म्हणतो, “बरं मालक. अन् तुमाले ताप आला तवा मी रातभर जागलो, ते रोज कुठं मांडले?” आधी मोठा हशा येतो. मग रात्री एक-दीडच्या थंडीत अख्खा मंडप गप्प होतो. त्या गप्प बसण्यात ढवळाढवळ करू नका. पुढचं विनोदी वाक्य घाईनं टाकायचा मोह होतोच, तो आवरा. लोक त्या वेळी स्वतःचा हिशेब करत असतात. झाडीपट्टीचे विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्यातल्या कित्येकांचे डोळे भरून आले. हसवणाऱ्या माणसाचं काम गंभीरपणे मोजलं गेलं, याचं ते समाधान होतं.

आता जे टाळायचं ते. गड्याला विशिष्ट जातीचा किंवा विशिष्ट गावचा दाखवून त्यावर हशा काढू नका. मोलकरणीच्या भूमिकेवर दुहेरी अर्थाची वाक्यं लादली जातात. नटीनं ती नाकारली तर तिच्या बाजूनं उभे राहा. समोर बायाबापड्या पोरं घेऊन बसलेल्या असतात, सोयरे-धायरे मुक्कामाला आलेले असतात, नाटकाच्या निमित्तानं सोयरिकी जुळतात. बोली वापराल तर खरी वापरा. झाडीबोलीत ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो आणि ‘पाणी’चं ‘पानी’, पण प्रत्येक वाक्यात असे शब्द कोंबले की नक्कल वाटते. गडी ज्या लयीत बोलतो ती लय पकडा. त्यासाठी रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत जाऊन बसा, गुरं परतताना ढोरक्यासोबत चाला, बैल सोडताना आणि तणीस टाकताना हात कसे चालतात ते बघा.

राहिलं व्यवहाराचं. पोळ्यानंतर लगेच वडशाला या, दिवाळीपर्यंत थांबलात तर संच ठरून गेलेले असतात. एका प्रयोगाचे पैसे किती, प्रयोग रद्द झाला तर काय, जेवण आणि गाडी कुणाची, हे कागदावर लिहून घ्या. तोंडी बोलणं हंगामाच्या शेवटी कुणाला आठवत नाही. नाटक पहाटेपर्यंत चालतं, पुढच्या संध्याकाळी दुसऱ्या गावाची गाडी निघते, म्हणून दिवसा झोप घ्या, गार पाणी आणि तळलेलं टाळा, स्वेटर आणि घोंगडी जवळ ठेवा. आणि संहिता हातात आली की फक्त आपली वाक्यं उतरवून घेऊ नका. मालकाचा प्रत्येक प्रवेश वाचा, तुम्ही मंचावर नसताना तो तुमच्याबद्दल काय बोलतो तेही वाचा.